लंडनचे तख्त आणि जव्हारची गादी

त्र्यंबकेश्वराहून पश्चिमेस निघालेली वाट सह्याद्रीची धार ओलांडून मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात उतरते आणि तेथून दऱ्याखोऱ्यांतून वळसे घेत समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरील जव्हारच्या पठाराला जाऊन भिडते. विसाव्या शतकाच्या आरंभी या वाटेने जाणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, मध्येच कोठेतरी तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकीत असे. मोखाडा हा खालसा मुलूख. जुन्या दफ्तरांतून ज्याला कोळवण म्हणत, त्या शहापूर तालुक्यातील तो एक पेठा, म्हणजे पोटविभाग, होता. तेथे महालकरी बसे आणि त्याच्या कचेरीतील प्रत्येक कागदाची मुळे, ती कितीही लांबची असोत, अखेर इंग्लंडच्या राजाच्या नावाशी जाऊन पोहोचत. जव्हार मात्र संस्थान होते. तेथे मुकणे घराण्याची गादी होती, राजा होता, कारभारी होता, राजवाडा होता. नागली-वरईची शेते दोहोंकडे सारखीच होती, पावसाळ्यातील उपासमार सारखीच होती, आणि महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी ही माणसेही त्याच नात्यागोत्यांची होती. भेद होता तो एवढाच की अलीकडची माणसे इंग्लंडच्या राजाची थेट रयत होती आणि पलीकडची माणसे त्या राजाच्या मांडलिकाची.

ही गादी लंडनच्या त्या काळच्या राजघराण्याहून फार जुनी होती. हॅनोव्हरचे जर्मन घराणे इंग्लंडच्या तख्तावर आले ते १७१४ साली. जव्हारच्या मूळपुरुषाची, जयबा मुकणे याची, कथा त्याच्या चारशे वर्षे आधीची. थळ घाटाजवळील मुकणे या गावी त्याची लहानशी गढी होती. पिंपरीच्या देवस्थानी भेटलेल्या बैराग्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून आशीर्वाद दिला. पुढे पेठ, धरमपूर, सुरत असा फिरत तो काठेवाडात गेला, सात वर्षे राहिला, आणि परत येऊन जव्हारच्या वारली नाईकापाशी त्याने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. जमीन मिळताच कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापून त्यांचा वेढा त्याने असा फिरविला की नाईकाचे ठाणेच आत आले; नाईकास मग गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देऊन वाटेस लावण्यात आले. कार्थेज नगरी वसविणाऱ्या डिडो राणीविषयीही हीच कथा सांगतात, म्हणून पंडितांनी तिला दंतकथेच्या कप्प्यात टाकले आहे. ते योग्यच आहे. पण राज्यसंपादनाची जी पद्धत पुढे वखारीपुरती जागा मागून अवघा देश घेणाऱ्यांनी अवलंबिली, तिचे इतके नेमके वर्णन ज्या कथेत आहे ती केवळ मनोरंजनासाठी रचली गेली असेल असे वाटत नाही.

जयबाचा पुत्र नीमशाह यास दिल्लीच्या महंमद तुघलकाने ‘शाह’ हा किताब बहाल केला. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा महसूल एवढा त्याचा मुलूख म्हणून मान्य झाला. तो दिवस ५ जून १३४३ हा होता असे मानतात, आणि जव्हारचा स्वतंत्र शक याच दिवसापासून मोजला जाई. शिवछत्रपती १६६४ मध्ये सुरतेवर चालून जात असता शिरपामाळावर जव्हारचा त्या वेळचा राजा विक्रमशाह याने त्यांचे स्वागत केले आणि शिरपेच अर्पण केला ही स्मृती जव्हारने अभिमानाने जपली. पुढे पेशवाईत मात्र मुलखाचा एकेक लचका तुटत गेला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस या बावीस किल्ल्यांच्या धन्याकडे पंधरा-वीस हजार रुपये उत्पन्नाचे डोंगर तेवढे उरले. १८२२ साली गादीच्या वारशाचा तंटा इंग्रजांनी मिटविला, तेव्हापासून जव्हारच्या राजाने राजा व्हावे की नाही याचा अंतिम निवाडा परक्याच्या दप्तरी गेला. १८६५ मध्ये तिसरे पतंगशाह निवर्तले, त्यांचे पुत्र वर्षभरात गेले, आणि राणी लक्ष्मीबाईंनी मल्हारराव या मुलास दत्तक घेऊन चौथे पतंगशाह म्हणून गादीवर बसविले. पण त्या दत्तविधानास शास्त्राइतकीच सरकारची संमती आवश्यक होती, आणि सरकार म्हणजे जवळचे म्हटले तर ठाण्याचा कलेक्टर, जो जव्हारचा पोलिटिकल एजंटही असे.

व्हिक्टोरिया राणीने १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात संस्थानिकांचे करार पाळण्याचे अभिवचन दिले, आणि १८७६ च्या कायद्याने तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळाला. या किताबाची गंमत अशी की खुद्द इंग्लंडात तो लोकांस रुचला नाही. सम्राट हा शब्द त्यांच्या कानांना फ्रेंच आणि रशियन वाटे, आणि तो किताब स्वदेशी वापरला जाणार नाही अशी ग्वाही पार्लमेंटात द्यावी लागली. ज्या देशाने आपल्या राजाचे अधिकार अडीचशे वर्षे खपून एकेक करून काढून घेतले होते, त्याच देशाने आपल्या ताब्यातील दुसऱ्या देशासाठी त्याच राजाचा बादशहा बनविला. या दुहेरी व्यवहाराचे मर्म ध्यानी ठेवले की पुढील पन्नास वर्षांचा इतिहास, लंडनचा आणि जव्हारचाही, बराचसा उलगडतो.

व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली तेव्हा जव्हारच्या गादीवर तेच चौथे पतंगशाह होते. नुकत्याच होऊन गेलेल्या छप्पनच्या दुष्काळाची झळ अजून मुलखातून गेली नव्हती. प्लेगाने मुंबई आणि ठाणे हैराण झाले होते. अशा वेळी नवे राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणाचे सोहळे सुरू झाले. राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता, परंतु दोनच दिवस आधी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. त्या समारंभास निमंत्रित म्हणून कोल्हापूरचे शाहू छत्रपती लंडनला गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. पण तो उन्हाळा महाराष्ट्राच्या इतिहासात लक्षात राहिला तो निराळ्याच कारणाने: महाराज इंग्लंडात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा तो हुकूम निघाला, ज्याने करवीर राज्यातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस देण्याचे ठरविले. ज्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवला जायचा होता त्या राजास आपल्या देशात असा एक साधा हुकूमही प्रधानमंडळाच्या सल्ल्यावाचून काढता आला नसता. एकोणीस तोफांच्या सलामीच्या मांडलिकास तो काढता आला. आणि तो काढण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते, हे त्याहून महत्त्वाचे.

१ जानेवारी १९०३ रोजी लॉर्ड कर्झनने दिल्लीस दरबार भरविला. त्यास राजा स्वतः आलाच नाही, आपल्या भावास, ड्यूक ऑफ कॅनॉटला, पाठवून त्याने भागविले, आणि हत्तींच्या मिरवणुकीत सर्वांत उंच बसला तो कर्झनच. १९०५ साली जव्हारास पतंगशाहांचे निधन होऊन कृष्णशाह गादीवर आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात युवराज जॉर्ज मुंबईस उतरले आणि त्यांच्या हस्ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसली. बंगालची फाळणी नुकतीच झालेली होती. पुण्यात विलायती कापडाची होळी पेटलेली होती. आणि युवराजांपुढे मुंबईच्या शेट-सावकारांनी वाचलेल्या मानपत्रांतून यांपैकी कशाचाही वास येऊ नये अशी दक्षता घेतली गेली होती.

एडवर्ड राजाच्या कारकीर्दीचा शेवट ज्या दोन वर्षांत झाला, ती दोन वर्षे इंग्लंडच्या राज्यघटनेच्या दृष्टीने अत्यंत वादळी होती. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनीसाठी आणि आरमारासाठी धनिकांवर व जमीनदारांवर कर बसविणारे अंदाजपत्रक आणले. उमरावांच्या सभेने, पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता मोडून, नोव्हेंबरात ते फेटाळून लावले. आणि ज्यांना कोणी निवडून दिलेले नाही अशा वंशपरंपरागत सरदारांनी लोकांच्या प्रतिनिधींचा हात धरावा की काय, या एका प्रश्नावर जानेवारी १९१० मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. लंडनचे हे वाद आपल्याकडील नेमस्त पुढारी मोठ्या आस्थेने वाचीत असत. गोपाळ कृष्ण गोखल्यांना भारतमंत्री मोर्लेसाहेबांच्या उदारमतवादावर भरवसा होता. लोकमान्य मात्र त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, आणि ज्या कलमाखाली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती ते राजद्रोहाचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत त्याच निरधिकार राजाविषयी अप्रीती उत्पन्न केल्याचे, कलम होते.

जव्हार-मोखाड्याच्या माणसास हे सारे सातासमुद्रांपलीकडचे होते असे कोणी म्हणेल, पण घटना त्याच्या दोन्ही उंबऱ्यांशी येऊन ठेपल्या होत्या. पूर्वेचा उंबरा नाशिकचा. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथील विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन याजवर गोळ्या झाडल्या. पश्चिमेचा उंबरा ठाण्याचा. जव्हारच्या राजाचा पोलिटिकल एजंट ज्या ठाण्यास बसे, त्याच ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी देण्यात आले. त्यानंतर बरोबर सतरा दिवसांनी, ६ मे रोजी, सातवे एडवर्ड मरण पावले. सरकारी कचेऱ्यांवरील निशाणे अर्ध्यावर उतरली. ठाण्यासही उतरलीच असणार.

पाचवे जॉर्ज तख्तावर आले ते या घटनात्मक पेचाच्या मध्यावर. प्रधान ॲस्क्विथ यांनी नोव्हेंबर १९१० मध्ये नव्या राजाकडून गुप्त वचन घेतले: निवडणुकीत लोकांचा कौल मिळाल्यास आणि तरीही उमरावांनी हट्ट न सोडल्यास, राजाने हवे तितके नवे उमराव निर्माण करून त्यांची सभा भरून टाकावी. राजाच्या मनात ते नव्हते. वचन त्यास द्यावे लागले. डिसेंबरात दुसरी निवडणूक झाली, पाचशे नवे उमराव येणार या धास्तीने जुन्या उमरावांनी मान तुकविली, आणि ऑगस्ट १९११ मध्ये पार्लमेंटचा तो कायदा झाला ज्यायोगे पैशाच्या विधेयकांवरील त्यांचा अधिकार संपला व इतर विधेयके दोन वर्षे खोळंबून ठेवण्यापुरताच तो उरला. राजाने हवे ते केले नाही, सांगितले ते केले, आणि त्याचे तख्त अबाधित राहिले. युरोपातील त्याच्या नात्यागोत्यांतले जे राजे सांगितलेले करीत नव्हते त्यांची तख्ते पुढच्या सात-आठ वर्षांत उलथली.

आणि असा हा, ऑगस्टात प्रधानाच्या शब्दाबाहेर न जाऊ शकलेला, सरळ आणि काहीसा अबोल आरमारी गृहस्थ डिसेंबरात दिल्लीस मोगलांच्या थाटाने अवतरला. २ डिसेंबर १९११ रोजी तो मुंबईस अपोलो बंदरावर उतरला. हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवणारा हा पहिलाच सत्ताधीश इंग्रज राजा. त्याच्या स्वागताची खूण म्हणून योजलेली दगडी कमान, म्हणजे आजचे गेट वे ऑफ इंडिया, पुरी व्हायला १९२४ साल उजाडले. इंग्लंडचा राजमुकुट देशाबाहेर नेऊ नये असा तेथला दंडक. म्हणून दिल्लीसाठी साठ हजार पौंडांचा स्वतंत्र मुकुट घडविला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. सहा हजारांवर हिरे जडविलेला तो मुकुट इतका जड होता की राजाचे डोके दुखले. दरबार संपल्यावर तो लंडनला गेला आणि पुन्हा कोणाच्या मस्तकी चढला नाही. ज्यांनी किंमत मोजली त्यांच्याकडे तो परत यायचे कारणच नव्हते.

१२ डिसेंबरच्या त्या दरबारात एकेका संस्थानिकाने पुढे यावे, तीनदा लवून मुजरा करावा, आणि पाठ न दाखविता उलट पावली मागे सरावे असा विधी होता. निजामानंतर दुसरा मान बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा. महाराज अंगावरचे जडजवाहीर उतरवून, हातात काठी घेऊन आले, एकवार किंचित मान लववली आणि सरळ वळून चालते झाले. लंडनच्या वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला! चलच्चित्राची फीत तेथील नाट्यगृहांतून दाखविली गेली, जणू एखाद्या गुन्ह्याचा पुरावा. शेवटी महाराजांनी व्हाइसरॉयास पत्र लिहून गैरसमजाबद्दल दिलगिरी कळविली. महाराजांनी हे मुद्दाम केले की अनवधानाने, यावर अद्याप वाद होतात. आमचे मत विचाराल तर एकवीस तोफांच्या, तीस वर्षे दरबारी रीतिरिवाजांत मुरलेल्या आणि आपल्या राज्यात शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजपुरुषास पावले मोजता आली नाहीत हे मानणे म्हणजे त्यांचा खरा अपमान करणे होय.

राजाने त्या दिवशी ज्या घोषणा केल्या, त्यांपैकी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची, या दोनच लोकांच्या ध्यानी राहिल्या. तिसरी एक होती, जिचा जव्हारसारख्या ठिकाणी खरा अर्थ होता: यापुढे गादीवर बसताना संस्थानिकांनी सरकारास नजराणा देण्याचे कारण नाही. नजराणा ही मोगलाईतून आलेली चाल. वारस सख्खा असला तर एक दर, दत्तक वा दूरचा असला तर दुसरा, अशी ती वाढत गेली होती. बापाच्या तेराव्याचा आणि स्वतःच्या राज्यारोहणाचा खर्च एकाच महिन्यात निघणाऱ्या लहान संस्थानिकाच्या तिजोरीस तो घाव मोठा असे. १९१७ साली कृष्णशाहांच्या पाठीमागे विक्रमशाह, मूळ नाव मार्तंडराव, जव्हारच्या गादीवर आले तेव्हा हा भार उतरलेला होता. दिल्लीच्या त्या झगमगाटातून जव्हारच्या पठारापर्यंत पोहोचलेली बहुधा ही एकच रोकड वस्तू.

जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात बोहाडा हा सोंगांचा उत्सव होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी एकेक सोंगे भलेमोठे मुखवटे चढवून नाचत येतात, आणि पहाटेस जगदंबा महिषासुराचा वध करते. मुखवट्याआड कोणाचा पोर आहे हे गावातल्या प्रत्येकास पक्के ठाऊक असते, तरीही देव समोर आला की हात जोडले जातात, आणि सकाळी मुखवटा उतरला की तोच पोर नांगरामागे उभा राहतो. इंग्लंडचे राजेपद विसाव्या शतकात जवळजवळ या स्थितीस आले होते, आणि इंग्रजांस त्यात गैर असे काही वाटत नव्हते. हिंदुस्थानात मात्र मुखवटा खरा आणि आतला माणूसही बादशहा, असे दाखविण्याचा घाट घातला गेला; कारण येथे मुखवट्यामागे प्रजेने निवडलेले प्रधानमंडळ उभे नव्हते, तर व्हाइसरॉय, गव्हर्नर, कलेक्टर आणि त्याखाली महालकरी व जंगलखात्याचा शिपाई अशी उतरंड उभी होती.

मोखाड्याच्या कातकऱ्यास बादशहा दिसला तो या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव झालेल्या रानात कुऱ्हाड नेणे गुन्हा झाला. रान जाळून त्या राखेत बी टाकण्याची, दळीची, जुनी शेती हळूहळू हद्दपार झाली. आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. मोहाची फुले म्हणजे दारूचा कच्चा माल एवढेच सरकारास दिसले. ती वाळवून, शिजवून माणसे पावसाळा काढतात हे दिसले नाही, किंवा दिसूनही आबकारीचा वसूल वजनदार ठरला. सरहद्दीपलीकडे संस्थानात रान राजाचे होते. म्हणून तेथे रयत सुखी होती असे कोणी समजू नये. सावकाराचे पाश आणि वेठ यांस खालसा-संस्थान असा भेद माहीत नव्हता. पण तेथे तक्रार घेऊन जायचे तर राजवाडा तरी डोळ्यांपुढे होता. मोखाड्याहून लंडन दिसत नसे.

पहिले महायुद्ध पेटले आणि तख्तांची किंमत नव्याने होऊ लागली. १७ जुलै १९१७ रोजी पाचव्या जॉर्जने आपल्या घराण्याचे सॅक्स-कोबर्ग-गोथा हे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे एका किल्ल्याचे नाव धारण केले. लंडनवर बाँब टाकणाऱ्या जर्मन विमानांच्या एका जातीचे नावही गोथाच होते, तेव्हा निवडीस फारसा वाव नव्हता. मुकण्यांनी सहाशे वर्षांपूर्वी एका गावाचे नाव घेतले ते तसेच राहिले होते. त्याच वर्षी गादीवर आलेल्या विक्रमशाहांस डिसेंबरात यशवंतराव हे पुत्ररत्न झाले. युद्धानंतर मानमरातबांचे वाटप झाले त्यात जव्हारच्या राजास नऊ तोफांची सलामी वंशपरंपरा मिळाली. तोफांचे हे गणित मोठे काटेकोर असे: बादशहास एकशे एक, व्हाइसरॉयास एकतीस, बडोद्यास एकवीस, कोल्हापुरास एकोणीस, आणि अकरा तोफांच्या खालच्या राजास सामान्यतः ‘हिज हायनेस’ म्हणण्याचा रिवाज नव्हता. बावीस किल्ल्यांच्या जागी नऊ बार आले, तरी तीनशे दहा चौरस मैलांच्या डोंगराळ संस्थानास, ज्याच्याहून श्रीमंत अशी कितीतरी संस्थाने एकाही तोफेवाचून होती, हा मान थोडा नव्हता.

१९१८ हे वर्ष दोन्ही ठिकाणी नोंद घेण्याजोगे आहे. फेब्रुवारीत इंग्लंडात एकवीस वर्षांवरील सर्व पुरुषांस आणि तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांस मताचा अधिकार मिळाला. त्यासाठी स्त्रियांनी काचा फोडल्या होत्या, तुरुंगात उपोषणे केली होती, आणि १९१३ च्या डर्बीच्या शर्यतीत एमिली डेव्हिसन ही खुद्द राजाच्या घोड्याखाली येऊन प्राणास मुकली होती. त्याच १९१८ मध्ये जव्हार येथे नगरपालिका स्थापन झाली. एवढ्याशा डोंगरी गावात, राजाच्या अमलात, नगराच्या कारभाराचे स्वतंत्र मंडळ निघावे ही गोष्ट लहान असली तरी काळाची चाहूल देणारी होती. दिव्याबत्तीची आणि पाण्याची चर्चा जेथे सुरू होते तेथे आज ना उद्या कराचीही होते, आणि कराची चर्चा राजेपदास फार काळ मानवत नाही.

नव्या युवराजास, एडवर्डला, १९२१ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात पाठविण्यात आले. तो १७ तारखेस मुंबईस उतरला तेव्हा एकीकडे बंदरावर मानपत्रे वाचली जात होती आणि दुसरीकडे गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापड पेटत होते. त्या दिवशी सुरू झालेले दंगे थांबावेत म्हणून गांधीजींनी उपवास केला. दोन दिवसांनी, १९ नोव्हेंबरास, त्याच युवराजाने पुण्यास भांबुर्ड्यात शिवस्मारकाची कोनशिला बसविली. शाहू छत्रपतींची ती योजना. सुरतेच्या इंग्रज वखारीस ज्याने घाम फोडला त्या राजाच्या स्मारकाची पहिली शिळा इंग्रज युवराजाने बसवावी, हे दृश्य पाहणाऱ्यांपैकी काहींना विटंबना वाटले, काहींना विजय. आम्हांस त्यात शाहू महाराजांचा चतुरपणा दिसतो.

विक्रमशाह १९२७ च्या डिसेंबरात निवर्तले. यशवंतरावांचे वय तेव्हा जेमतेम दहा. त्यांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडात झाले. याच काळात बटलर समितीने संस्थानांची चौकशी करून १९२९ मध्ये निवाडा दिला की संस्थानिकांचे नाते हिंदुस्थान सरकारशी नसून थेट इंग्लंडच्या मुकुटाशी आहे आणि त्यांच्या संमतीवाचून ते दुसऱ्या कोणाच्या हाती सोपविता येणार नाही. राजेलोक हर्षित झाले. पण मुकुटाचे वर्चस्व कोठवर चालते याची व्याख्या करण्यास समितीने साफ नकार दिला, हे वाक्य त्यांच्यापैकी पुष्कळांनी नीट वाचले नसावे. पुढे संस्थानांचे संबंध मुंबई सरकारकडून काढून दिल्लीच्या अखत्यारीत घेतले गेले आणि जव्हारचा कागद ठाण्याऐवजी बडोद्याच्या वाटेने जाऊ लागला.

मुकुटाचे खरे मोजमाप इंग्लंडातच १९३६ साली झाले. पाचवे जॉर्ज जानेवारीत वारले. आठव्या एडवर्डने, भांबुर्ड्यात शिळा बसविणाऱ्या त्याच युवराजाने, दोनदा घटस्फोट झालेल्या एका अमेरिकन बाईशी लग्न करण्याचा मनोदय प्रधान बाल्डविनला कळविला. प्रधानाने संमती नाकारली. आणि १० डिसेंबर रोजी राजाने राज्यत्यागावर सही केली. हिंदुस्थानच्या बादशहास आपली राणीही आपल्या मर्जीने निवडता येत नाही हे एकोणीस वर्षांच्या यशवंतरावांनी वाचले असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? १९३८ साली त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. गुलाबी दगडाचा जयविलास राजवाडा त्यांनीच बांधविला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानदलात नोकरी केली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी मुकुटाचे सार्वभौमत्व लोपले; बटलर समितीने ज्या नात्यास अभेद्य म्हटले होते ते पार्लमेंटच्या एका कलमाने, कोणाही राजाची संमती न विचारता, मिटविले. सहाव्या जॉर्जने ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हा किताब विधिपूर्वक टाकला तो २२ जून १९४८ रोजी. तोवर जव्हारचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालेले होते, आणि पुढल्याच वर्षी जव्हार हा ठाणे जिल्ह्याचा तालुका झाला. मोखाडा आणि जव्हार यांच्यामधली जुनी सरहद्द गेली.

यशवंतराव मुकणे १९६२ मध्ये भिवंडी मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. त्या वर्षी इंग्लंडात वंशपरंपरागत उमरावास असे निवडून जाणे शक्य नव्हते: बापाच्या मृत्यूने उमरावपद गळ्यात पडले म्हणून टोनी बेन या निवडून आलेल्या सभासदास कॉमन्सचे दार बंद झाले होते, आणि ते उघडण्यासाठी १९६३ साली कायदा करावा लागला. १९६७ मध्ये यशवंतराव डहाणूहून पुन्हा निवडून आले. त्या चौथ्या लोकसभेने सप्टेंबर १९७० मध्ये राजेलोकांचे तनखे व विशेषाधिकार रद्द करण्याचे विधेयक संमत केले. राज्यसभेत ते मताच्या एका अंशाने पडले, आणि १९७१ साली नव्या लोकसभेने पुन्हा आणले तेव्हा ते दोन्ही सभागृहांत निर्विघ्न पार पडले.